मौन, भाग पहिला

आमच्या ह्यांना वैराग्याची अशी काही हाव सुटली की फोनमध्ये बोट ठेवायला जागा उरली नाही.

शिलाई मशीन दुरुस्त करणं हा ह्यांचा धंदा. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. मशीन टेबलावर आलं की हे आधी पान्हा उचलत नाहीत. डोळे मिटून चाक फिरवतात, आवाज ऐकतात आणि दुखणं कुठे आहे ते सांगतात. ते तिथेच सापडतं. म्हणजे सापडायचं. हल्ली काही मशीनं दुरुस्त होऊन गेली तशी परतही आली होती, आणि त्याचं खापर मी ह्यांच्या फोनवरच्या एका साइटवर फोडत होते.

ती साइट कुणा गिऱ्हाइकानं दाखवली. अध्यात्म, तत्त्वज्ञान, मोठमोठ्या लोकांची व्याख्यानं, ऐकायची आणि फोनमध्ये उतरवून घ्यायची सोय, आणि सगळं फुकट. हा शेवटचा शब्द कानावर पडला आणि माणूस कामातून गेला. आत्मा, परमात्मा, मन, मनाच्या पलीकडलं, जे दिसेल ते उतरवून घ्यायचं. ऐकायचं नंतर. "अहो, एवढं ऐकणार कधी?" मी विचारायची. "आज आहे, उद्या काढून टाकलं तर?" हे त्यावरचं उत्तर. संचय करू नये या विषयावरची एक अख्खी मालिका ह्यांनी तीन ठिकाणी साठवून ठेवली होती, एखादी गेलीच तर असावी म्हणून.

फोन भरला तेव्हा मेमरी कार्डं आली. ती ठेवायला बॉबिनचा डबा. एकदा एका शिंपीणबाईंना सुट्या बॉबिनबरोबर 'मृत्यूनंतर काय?' गेलं. त्यांनी ते परत आणून दिलं, पण ऐकून, आणि त्यानंतर आमच्याकडे मशीन टाकलं नाही.

इथवर मला नुसता वैताग होता. भीती नंतर वाटायला लागली. उजव्या कानात इअरफोनचं बोंडुक घालून हे बसायचे आणि मी काही बोलले की गोड हसायचे. आमच्या ह्यांना गोड हसायची सवय नाही. पूर्वी मी एक बोलले की हे दोन बोलायचे, मग मी चार, आणि असं आमचं छान चाललं होतं. आता मी नळ गळतोय म्हणाले तरी हसणार, गॅस संपलाय म्हणाले तरी हसणार. माणूस भांडेनासा झाला की समजावं, तो मनानं घरातून निघालाय.

शेवटी एका सकाळी भांडी घासता घासता, पाठमोरीच, मी विचारून टाकलं. तोंडासमोर विचारायचा धीर नव्हता. "घर सोडायचं ठरवलंय का तुम्ही?"

हे दारात उभे होते. शांतपणे म्हणाले, "हो. थंडी संपली की बघू."

माझ्या हातातली ताटली तशीच राहिली. थंडी संपली की. म्हणजे स्वेटरचा विचारसुद्धा झालेला होता. मी नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं.

दुपारी वन्संना फोन केला. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यामुळे समोर एक माणूस असलं तरी त्या पूर्ण वर्गाशी बोलतात. त्या संध्याकाळी आल्या, चपला काढता काढताच म्हणाल्या, "काय रे, बायकोकडे लक्ष आहे का तुझं?"

"आहे की," हे लगेच म्हणाले. मला आतून आगच लागली. बहिणीचं बरोबर ऐकू येतं, आणि आम्ही म्हणजे भिंत.

वन्सं खुर्चीत बसल्या. "हे काय ऐकत असतोस दिवसभर?"

कुणी आपणहून विचारलंय म्हटल्यावर ह्यांचा चेहरा खुलला. "ताई, आज एक रत्न सापडलंय. 'मौन, भाग पहिला'. एका बाईंचं आहे. तासभर बाई एक शब्द बोलत नाहीत. नुसती शांतता. तिसऱ्यांदा ऐकतोय. इतरांनी मौनावर बडबड केली, हिनं ते करून दाखवलं."

"आण इकडे," म्हणत वन्संनी बोंडुक आपल्या कानात घातलं. जरा वेळ ऐकलं. मग ह्यांच्याकडे बघितलं, परत ऐकलं.

"अरे, ही बाई बोलतेय."

"नाही ताई, ती शांत आहे."

"बोलतेय रे. लहानपणी आजोळी गेली होती, ते सांगतेय."

मी बोंडुक ओढून घेतलं. बारीक, नाजूक आवाजात ती बाई न थांबता बोलत होती. मी ते ह्यांच्या उजव्या कानात घातलं, मग डाव्या. ह्यांनी डोळे मिटले, जसे मशीनसाठी मिटतात. बराच वेळ तसेच बसले. मग हळूच म्हणाले, "शांतताच आहे गं."

ह्यांनी टेबलावरच्या मशीनचं चाक एकदा फिरवून पाहिलं आणि हात काढून घेतला. "मला वाटलं, तेलच चांगलं येतंय हल्ली. मशीनं किती कमी वाजतात, म्हणून मी खूश होतो." मला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं की मी ह्यांच्या शेजारी जाऊन स्टुलावर बसले आणि वन्संसमोरच ह्यांचा हात धरला.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बारीक आवाज आधी जातात, मशीनच्या मोटारी कानाशी घेऊन बसणाऱ्यांचे तर लवकर. कानात मशीन बसवा, काम चालेल. मग ह्यांच्या दोन्ही कानांत दोन इवलाली मशीनं आली. घरी येताना हे स्वतःच्याच चपलांचा आवाज ऐकत थबकत थबकत चालले होते. माझ्या मनात मात्र हिशेब वेगळाच. वर्षभर मी ज्या माणसाशी जीव तोडून भांडले, त्याला त्यातलं काही पोचलंच नव्हतं. सगळं पहिल्यापासून भांडायला हवं होतं.

घरी आल्यावर ह्यांनी आधी 'मौन' लावलं. पूर्ण ऐकलं. "आधीचं जास्त चांगलं होतं," म्हणाले, आणि पुसून टाकलं. ह्या घरात पुसलं गेलेलं ते पहिलं व्याख्यान.

मग मला म्हणाले, "त्या दिवशी भांडी घासताना तू घर रंगवायचं का विचारलंस. मी हो म्हणालो, तर रडलीस का?"

मी आत गेले. नळ सोडला, पाठमोरी उभी राहिले आणि अगदी बारीक आवाजात, स्वतःशी पुटपुटावं तसं, विचारलं, "घर सोडायचं ठरवलंय का तुम्ही?"

पुढच्या खोलीत मशीनचं चाक फिरायचं थांबलं.

"एवढी कार्डं घेऊन जाऊ कुठे?" हे तिथूनच म्हणाले. "रंग कुठला हवा ते सांग. आणि नळ बंद कर, तो गळतोय."