मिनियापोलिसवर रंगवलेलं मिलवॉकी

मी एक जुना नाटकाचा पडदा आहे. जुना आहे, फाटका नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण माणसं या दोन शब्दांत हमखास गल्लत करतात. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना आम्हा वस्तूंनी डोळ्यांत पाणी आणून बोलावं अशी पद्धत आहे. मला ते जमणार नाही. मी रागावलेलो आहे आणि राग गिळून गोड बोलणं मला येत नाही.

माझा जन्म मिनियापोलिसजवळच्या ईडन प्रेरीत, एका गॅरेजात झाला. सुमित्राबाई नागपूरहून आपल्या लेकाकडे, अवधूतकडे, उन्हाळ्यात राहायला आल्या होत्या. नागपुरात त्यांनी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली होती. इथे अवधूत कामावर गेला की त्यांना दिवस खायला उठायचा. तेवढ्यात मराठी मंडळाच्या नाटकाला शहराचा देखावा असलेला पडदा हवा झाला. अवधूत म्हणाला, "आई, तू ट्राय कर ना. तेवढाच तुझा टाइमपास!"

टाइमपास म्हणे! बाईंनी मांजरपाटाचे पट्टे एकाला एक जोडून मला शिवलं, खळ घातली, वर पांढऱ्या रंगाचा हात दिला. गुडघे दुखायचे म्हणून त्या उशी घेऊन फरशीवर बसत आणि तासन् तास रंगवत. रविवारी अवधूतला गाडी काढायला लावून नदीपलीकडे जात आणि शहर डोळ्यांत भरून घेऊन परत येत. डाउनटाउनच्या तीन सर्वांत उंच इमारती पाहून त्यांना भारी हसू यायचं. "ह्या तिघी पाहा रे, जावा-जावांसारख्या. एकीपेक्षा दुसरी बोटभरही कमी नको." सपाट मुलखात मधोमध दाटीवाटीनं उभं राहिलेलं ते शहर माझ्या अंगावर उतरलं तेव्हा गॅरेजसमोरून जाणारे शेजारीही थांबून बघत राहिले.

सुमित्राबाई नागपूरला परतल्या आणि मी कामाला लागलो. नाटकं झाली, गणपतीचे कार्यक्रम झाले, छोट्यांचे नाच झाले. मंडळाचे अध्यक्ष मोरेश्वरकाका माझ्यावर थाप मारून पाहुण्यांना सांगत, "ही आमच्या मंडळाची शान!" शान कुणाच्या हातची, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. मी तेव्हाही मनातून धुमसत होतो.

पुढे शेजारच्या राज्यातल्या मिलवॉकी शहराच्या मराठी मंडळींबरोबर आमच्या लोकांची सहल ठरली. न्यूयॉर्क आणि शिकागोपुढे या दोन शहरांना कोण विचारतो? म्हणून तर ती एकमेकांशी भांडतात. कणसं भाजता भाजता मिलवॉकीच्या रवीनं काडी टाकली, "तुमची स्कायलाइन म्हणजे काय यार, मोकळ्या शेतात तीन-चार टॉवर्स! आमच्याकडे समुद्राएवढा लेक आहे."

"लेक?" मोरेश्वरकाका उसळले. "आमच्या गाडीची नंबरप्लेट वाच. तिच्यावरच लिहिलंय, दहा हजार लेक्स आहेत आमच्याकडे! आणि तुमच्या स्कायलाइनमध्ये आहे काय? एक उंच बिल्डिंग आणि एक घड्याळ!"

सहलीत सावलीसाठी मला दोन झाडांना बांधलं होतं, म्हणून हे सगळं माझ्या कानावर पडलं. इतकी वर्षं ज्या शहरात राहिली, तिथल्या इमारतींचे मजले मोजून भांडणारी ही मोठी माणसं! पण त्या भांडणात रवीच्या डोळ्यांत मी भरलो.

थोड्याच दिवसांत त्याचा अवधूतला फोन आला. आमच्या मंडळानं तोवर भाड्यानं मोठा एलईडी स्क्रीन आणायला सुरुवात केली होती आणि मी अवधूतच्या गॅरेजात पडून होतो. रवी म्हणाला, "आमच्या नाटकाला तुमचा पडदा देतोस? थोडं मिलवॉकी पेंट करावं लागेल त्यावर."

"थोडं कशाला, पूर्ण कर," अवधूत म्हणाला. "आईनंच काढलाय. ती काही बोलणार नाही."

मित्रांनो, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तळपाय नाही आणि मस्तकही नाही, तरी गेली.

मिलवॉकीत अनया नावाच्या विद्यार्थिनीनं मला रंगवायला घेतलं. तिनं आधी विचारलं होतं, "ज्यांनी हे केलंय त्यांना चालेल ना?" रवीनं उत्तर दिलं, "परमिशन आहे, डोंट वरी." तिच्यावर रागावायला मी टपून बसलो होतो, पण पोरीच्या हातात कला होती. त्या तीन जावांवरून तिनं आभाळ फिरवलं, खाली तळ्याचं निळं पाणी पसरलं, काठानं बुटक्या इमारतींची लांब रांग मांडली, चारही बाजूंनी वेळ दाखवणारा मनोरा उभा केला. दोन्ही शहरं अंगावर घेतलेला मी एकटाच आहे, म्हणून सांगतो. मिनियापोलिस लांबून बघावं आणि मिलवॉकी पाण्याकडून. दोन्ही देखणी आहेत. भांडणारे ती बघतच नाहीत.

नाटक झालं, मी परत गॅरेजात आलो. आणि मंडळाच्या पंचविसाव्या वर्षाच्या सोहळ्यासाठी सुमित्राबाई आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "अवधूत, पडद्यापुढे माझा एक फोटो काढ हं. मैत्रिणींना कबूल करून आले आहे."

अवधूतचा चेहरा पडला. "आई, तो... बेसमेंटमध्ये पाणी आलं होतं. खराब झाला. टाकून द्यावा लागला."

"जाऊ दे. कापडच ते," असं म्हणून बाई बॅग उघडायला वळल्या. मी भिंतीपलीकडे, बर्फात लावायच्या टायरांच्या मागे गुंडाळलेला होतो. ओरडता आलं असतं तर पत्रा हादरवला असता.

दोन दिवसांनी बाई कुंडी शोधत गॅरेजात आल्या. गुंडाळीच्या कडेची शिवण त्यांनी ओळखली. टायर बाजूला सारून त्यांनी मला फरशीवर उलगडलं आणि नुसत्या बघत उभ्या राहिल्या. कोपऱ्यात अनयानं आपलं नाव घातलं होतं, ते त्यांनी वाकून वाचलं. संध्याकाळी अवधूतनं गाडी आणली तेव्हा त्या तिथेच बसल्या होत्या.

"आई, सॉरी. मला वाटलं तू..."

"काय वाटलं ते मला कळलं," बाई म्हणाल्या. "उद्या हा गाडीत टाक. कार्यक्रमाला हाच लावायचा."

आणि लावला! एलईडी स्क्रीन बंद करून त्याच्यापुढे मी उभा राहिलो. मोरेश्वरकाकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "सुमित्राताई, आपल्या सोहळ्याला मागे मिलवॉकी? लोक हसतील हो!"

बाईंनी त्यांच्या हातातला माइक घेतला. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "हे मिलवॉकी आहे. अनया नावाच्या मुलीनं काढलंय आणि छान काढलंय. याच्याखाली माझं मिनियापोलिस आहे. ते झाकायचं का, हे मला कुणी विचारलं नाही. माझ्या मुलानंसुद्धा नाही." मग त्या अवधूतकडे वळल्या. "विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं रे."

अवधूत मान खाली घालून उभा होता. त्याला तिथेच रडू फुटलं आणि खरं सांगतो, मला त्याची दया आली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी काही रंगवलेलं, शिवलेलं, लावलेलं असेल. त्याला हात लावण्याआधी त्या माणसाला विचारा. तो माणूस हो म्हणेल, हे तुम्हाला पक्कं ठाऊक असेल. तेव्हा तर नक्की विचारा.