कामिनीचं वाण

माझ्या सासूबाईंनी, गोपिकाबाईंनी, तीन वर्षांपूर्वी संक्रांतीला कामिनीची रोपं वाटली. नरखेड तालुक्यातल्या आमच्या गावात बाकीच्या बायका वाणात प्लॅस्टिकचे डबे नाहीतर चाळण्या देत. आमच्या बाईंना चारचौघींहून वेगळं करायची भारी हौस. नागपूरच्या नर्सरीतून टेम्पोभर रोपं आणवली आणि हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीच्या पदरात एकेक घातलं. घरच्या सुनेला वाण नसतं, ती नुसती राबते. मी आपलं चेष्टेनं विचारलं, मला नाही का?

"तुले मंग देईन वं," त्या म्हणाल्या. "घाई काय हाये."

त्याच वैशाखात त्या गेल्या. सवाष्ण गेल्या, म्हणून त्यांच्या पाया पडायला गावातल्या बायकांची रांग लागली. राख नदीत न सोडता आमच्याच संत्र्याच्या बागेत, विहिरीमागे पुरली.

पुढे रोपं मोठी झाली आणि फुलायला लागली. एखाद्या दिवशी दिवेलागणीला साऱ्या गावात एकदम पांढरी फुलं आणि दाट, गोड वास. कामिनी तशीच बहरते, हे मला ठाऊक आहे. तरी शेजारची वच्छलाकाकू "गोपिका आली" म्हणत उंबऱ्यावर हळदीकुंकू ठेवायची, आणि माझ्या अंगावर काटा यायचा. माझे सासरे मनोहरराव, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो, दारच्या कामिनीजवळ खुर्ची टाकून बसत आणि एकटेच हसत.

यंदा जुनी बाग बिघडली. पानांवर पिवळे डाग, फळ लिंबाएवढं, एका अंगाला कललेलं, बुडाशी हिरवंच आणि चवीला कडू. माझ्या नवऱ्यानं, चेतननं, कृषी खात्यातल्या जितेंद्रला बोलावलं. त्यानं बाग पाहिली आणि तो थेट आमच्या अंगणात आला. कामिनीचा कोवळा शेंडा त्यानं मला दाखवला. त्यावर तिळाहून लहान किडे बसले होते, डोकं खाली आणि पाठ वर, बायका पाया पडायला वाकतात तसे. ग्रीनिंग नावाचा रोग आहे, तो म्हणाला, त्याला औषध नाही. किडे कामिनीवर पोसतात आणि संत्र्याला रोग देतात. मग कामिनी एवढी हिरवीगार कशी, मी विचारलं.

"तिले काही होत नाही, वहिनी," तो म्हणाला. "ती फक्त देते."

विहिरीपलीकडची तरणी झाडं अजून चांगली दिसत होती. ती मी आणि चेतननं लग्नानंतर आमच्या हातांनी लावलेली. तेवढी वाचावीत, बाकी काही मागणं नव्हतं. त्यासाठी जितेंद्रच्या सांगण्याप्रमाणे जुनी झाडं तोडायची होती आणि गावातली कामिनी मुळासकट काढायची होती.

बायकांनी कानांवर हात ठेवले. वाण कुणी परत मागतं का? तेही सवाष्ण गेलेलीचं! मला संताप आला, पण काढणार कुणावर, आपलेच दात आणि आपलेच ओठ. शेवटी हळदीकुंकवाचं ताट घेऊन घरोघर गेले, प्रत्येकीची ओटी भरली आणि सासूचं वाण मागून घेतलं. आमच्या दारचं झाड मामाजींनी स्वतः उपटलं. चेतननं जुनी झाडं तोडली, सगळा ढीग गावाबाहेर जाळला, आणि मला खूप दिवसांनी शांत झोप लागली.

आठवडाही झाला नसेल, दिवेलागणीला वास आला. तोच, दाट आणि गोड. मामाजींची खुर्ची रिकामी होती. म्हाताऱ्यानं एखादं झाड लपवलंय, अशी माझी खात्री झाली. चिडून वासामागे बागेत गेले.

मामाजी विहिरीमागे चपला हातात घेऊन उभे होते. राख पुरली होती तिथं, वाढलेल्या गवतात, कमरेएवढी कामिनी फुलली होती. काही लाल फळंही होती. आणि तिच्यापासून पुढे, ठिबकच्या नळ्यांच्या ओलीत, तिचीच बोटभर रोपं उगवली होती.

"मामाजी, काहून लावली?"

"म्या नाही लावली वं पोरी," ते हळूच म्हणाले. "तिचं वाटनं सुरूच हाये अजून."

पाखरांनी बिया टाकल्या असतील, असं मी मनाशी म्हटलं आणि खाली बसून रोपं उपटायला लागले. तिथंच टाकली तर पुन्हा मूळ धरतील, म्हणून पदरात घेत गेले. रोपांमागून रोपं काढत तरण्या झाडांत शिरले. प्रत्येक झाडाच्या बुडाशी एक होतंच. पदर जड झाला, तेव्हा ध्यानात आलं की मी वाकून, दोन्ही हातांनी पदर धरून बसले आहे. मला फार भीती वाटली.

वर पाहिलं. तरण्या झाडाला नवी पालवी आली होती, आणि पानं अर्धी पिवळी होती.

मंग देईन, म्हणाल्या होत्या. सासूबाईंनी शब्द पाळला.