मार्चचं पान

मित्रांनो, मी वाढदिवसांची एक जुनी दिनदर्शिका आहे. माझ्यावर साल नाही, वार नाहीत. नुसते बारा महिने आणि तारखांपुढे नावं. त्यामुळे मी कधी बाद होत नाही. इथे नेदरलँड्समधल्या झ्वोले गावात घरोघरी माझी जागा ठरलेली असते : संडासाच्या दाराची आतली बाजू. तिथे बसलं की वाचावंच लागतं.

रूलीने मला अध्यापक महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी विकत घेतलं. शेजारच्या खोलीत वीप्के राहायची. माझ्यावरचं पहिलं नाव तिनेच लिहिलं, ३ मार्चपुढे, जाड शाईने, स्वतःचं.

"अगं, विचारायचंस तरी!" रूली म्हणाली.

"विचारलं असतं तर तू बारीक अक्षरात लिहिलं असतंस. आणि ऐक, मी कधी आठवण करून देणार नाही. आपला वाढदिवस आपल्याच तोंडाने सांगायचा नसतो."

दोघी एकाच शाळेत लागल्या. छत्तीस वर्षं शेजारशेजारच्या वर्गांत शिकवलं. एकीकडचा खडू संपला की भिंतीवर टकटक. दर ३ मार्चला वीप्केच्या घरी खुर्च्या गोल मांडल्या जात आणि सफरचंदाच्या केकचा पहिला तुकडा रूलीला मिळे. मी पिवळी पडले, माझा खिळा दोनदा बदलला. माणूस गेलं की रूली त्याच्या नावापुढे पेन्सिलीने छोटा क्रूस काढी.

मग दोघी निवृत्त झाल्या. शाळेत रोज फळ्यावर तारीख लिहावी लागे. आता तारीख लक्षात ठेवायला ते कारण उरलं नाही. यंदा मार्च लागला तरी माझ्यावर फेब्रुवारीच होता. वीप्केचं नाव त्या एका पानामागे होतं. मला हाक मारता आली नाही.

६ मार्चच्या सकाळी रूलीने पान उलटलं. "अगं बाई! तीन तारीख!" दार उघडंच टाकून ती फोनकडे धावली. तिला कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा असतो. मला सगळं ऐकू आलं.

"घाल शिव्या! पण आधी ऐक—"

"रूलीमावशी, मी मारित बोलतेय. वीप्केआत्या काल सकाळी गेली. सायकल बाहेर काढताना कोसळली. मी आत्ता तुम्हालाच फोन करणार होते."

"छे! काहीतरीच काय? तीन तारखेला तर तिचा वाढदिवस होता."

"हो. तुमच्या खुर्चीवर तिने कुणाला बसू दिलं नाही. हसत म्हणाली, 'म्हातारीने पान उलटलं नसेल. तिचा तुकडा झाकून ठेवा.' तो अजून फ्रीजमध्ये आहे, मावशी."

रूली परत आली ती पेन्सिल घेऊन. जाड शाईच्या त्या नावाशी टोक टेकवलं आणि तशीच उभी राहिली. क्रूस काढला नाही.

आज सप्टेंबर आहे. माझ्यावर अजून मार्चच आहे. मधल्या किती जणांचे वाढदिवस माझ्या पोटातच राहिले.

मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर एक तारखेला न विसरता तिचं पान उलटा. आम्हाला हात नसतात.