टेंभी तरस आणि समोरची पाणमांजरं

मित्रांनो, मी तरस आहे, आणि बरीच जुनी आहे. या बागेत माझ्यापेक्षा जास्त वर्षं काढलेलं जनावर आता एकच उरलंय, तळ्यातलं कासव, आणि ते कोणाशी बोलत नाही. ठाण्यातल्या तळ्याकाठी गोऱ्या साहेबाच्या काळात उभारलेली ही प्राण्यांची बाग. हिच्यात गेल्या तीन वर्षांत काय काय बदललं आणि त्यात माझं काय झालं, ते मी तुम्हाला सांगणार आहे. या गोष्टीत मी फार चांगली वागलेली नाही. तेही आधीच सांगून टाकते.

माझा जन्म शहापूरच्या डोंगरातला. आई नाशिकच्या हमरस्त्यावर गाडीखाली गेली. वनखात्याच्या माणसांनी मला कोंबड्यांच्या डालग्यात घालून इथं आणलं. दिवस नवरात्राचे होते. टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाला माणसांचा समुद्र लोटलेला, त्यात आमची गाडी दोन तास अडकली, म्हणून माझं नाव पडलं टेंभी. नाव ठेवणारा सिल्वेस्टर. हा बागेतला कामगार, जनावरांना खाऊ घालणारा, पिंजरे धुणारा. खाडीकाठचा माणूस. त्याच्या आजोबांची भातशेती होती, तिथं आता इमारती आहेत. माझे डोळे नुकते उघडले होते. त्यानं मला मांडीवर घेतलं आणि बाटलीनं शेळीचं दूध पाजलं. मी पहिल्यांदा नीट पाहिलेला चेहरा त्याचाच.

पुढची एकोणीस वर्षं मी एका पिंजऱ्यात काढली. लोखंडी गज, खाली सिमेंटची फरशी, कोपऱ्यात पाण्याचा हौद. या टोकापासून त्या टोकापर्यंत अकरा पावलं. बाहेर इंग्रजी अक्षरांची गंजलेली पाटी. लोक यायचे, नाक दाबायचे, म्हणायचे, "ई, कसलं घाण कुत्रं आहे." कोणी म्हणायचं, "हा हसत का नाही? टीव्हीत तर हसतो." तेव्हा सिल्वेस्टर झाडू बाजूला ठेवून समजावायचा, "हसतो तो आफ्रिकेतला, ठिपक्यांचा. ही आपल्या शहापूरची आहे, पट्टेवाली. हिला हसण्यासारखं काय झालंय?"

मला कोणाचं काही वाटायचं नाही. कारण रोज सकाळी तो यायचा. म्हशीचं हाड आत टाकायचा आणि कोणी वरचा साहेब बघत नाही ना याची खात्री करून गजांतून हात घालायचा. नियमात हे बसत नव्हतं. माझ्या डाव्या कानामागे एक जागा आहे, तिथं तो खाजवायचा. "टेंभे, ये गो," म्हणायचा. त्या हाताला मांसाचा, विडीचा आणि फिनाइलचा वास यायचा. जगात चांगला वास म्हणजे हाच, असं मला वाटायचं.

मग बाग नवी करायचं ठरलं. बागेच्या मुख्य डॉक्टर दिशा मॅडम कागदाच्या गुंडाळ्या घेऊन फिरायला लागल्या. जुने पिंजरे एकेक करून पाडले. माकडांना उंच जाळीचं घर मिळालं, हरणांना गवत मिळालं, मगरीला वाळू. माझ्या अगदी समोर पूर्वी अस्वलाचा रिकामा पिंजरा होता. तो पाडून तिथं मोठ्ठी काच बसवली. काचेमागे पाणी, पाण्यात खडक, वरून पडणारा धबधबा. आणि त्यात कर्नाटकातून आणून सोडली दोन पाणमांजरं.

मित्रांनो, तुम्ही पाणमांजरं पाहिली असतील तर मला काय सोसावं लागलं ते तुम्हाला कळेल. ती उलटी पोहतात. पोटावर दगड ठेवून खेळतात. एकमेकांना बिलगून झोपतात. त्यांना बघून मुलं टाळ्या पिटायची, आयांचे फोन बाहेर यायचे, आणि त्या सगळ्या लोकांची पाठ माझ्याकडे असायची. एकोणीस वर्षं लोकांनी मला नावं ठेवली, पण निदान तोंड माझ्याकडे करून ठेवली.

हेही मी सोसलं असतं. पण पाणमांजरांची कामं सिल्वेस्टरला दिली. खाडीकाठचा माणूस, मासळीतलं त्याला कळतं, म्हणून. माझ्याकडे आला महेंद्र. दिवा गावाहून येणारा, चाळिशीचा, आधी कुठल्याशा सोसायटीत वॉचमन असलेला सरळ माणूस. माझं हाड वेळेवर टाकायचा, पिंजरा चकाचक धुवायचा. पण हात आत घालायचा नाही आणि बोलायचाही नाही. बोलायचा ते पाणमांजरांबद्दल, तेही स्वतःशीच. "आमच्या दिव्याला एक दिवसाआड पाणी येतं, तेपण पहाटे. आणि हे लोक बघा. फिल्टरच्या पाण्यात डुंबतायत." हे ऐकलं की मला तो जरा बरा वाटायचा.

सिल्वेस्टर मला रोज दिसायचा, फक्त पाठमोरा. तो काचेच्या वरच्या कट्ट्यावर बसून बादलीतले मासे एकेक करून खाली सोडायचा. ती दोघं शीळ घालायची, आणि हाही त्यांना शीळ घालून उत्तर द्यायचा. मला त्यानं कधी शीळ घातली नव्हती. माझ्यासाठी त्याच्याकडे शीळ आहे, हेच मला ठाऊक नव्हतं. मी गजांपाशी उभी राहायची. पाठीवरची आयाळ आपोआप ताठ व्हायची. कधी दिवस मावळताना तो धावतपळत यायचा, कानामागे दोन बोटं फिरवायचा, आणि त्या बोटांना बांगड्याचा वास यायचा. मी तोंड फिरवायची. तो म्हणायचा, "रुसलीस काय गो? कामं वाढलीत." आणि जायचा.

एका रविवारी नवी बाग दाखवायचा कार्यक्रम होता, समोर फार गर्दी झाली. कॅमेरे आले, दिशा मॅडमनी हार घातलेल्या पाहुण्यांना काचेपाशी नेलं. सगळे सिल्वेस्टरचं कौतुक करत होते. संध्याकाळी लोक गेल्यावर तो पाणमांजरांच्या बिळात डोकावला आणि तिथून थेट माझ्याकडे आला. चालत नव्हता, जवळजवळ पळत होता. चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यानं मासळीच्या वासाचा हात सरळ गजांतून आत घातला आणि म्हणाला, "टेंभे, तीन पिल्लं झाली गो."

मी त्या हाताला चावले.

माझे दात म्हशीचं हाड फोडतात, मित्रांनो. त्याच्यापुढे माणसाची बोटं काय असतात? तो ओरडला नाही. फक्त हळूच म्हणाला, "सोड गो." मी सोडलं. एक बोट पेरापासून गेलं होतं, दुसरं मोडलं होतं. तो खाली बसला, आणि महेंद्र आपला शर्ट काढत पळत आला.

दुसऱ्या दिवशी माझ्या पिंजऱ्यापुढे चार माणसं उभी होती. ही म्हातारी झाली, बिथरली, दूरच्या केंद्रात पाठवून द्या, असं बोलणं चाललं होतं. दिशा मॅडम म्हणाल्या, "या वयात दोन दिवसांचा प्रवास तिला झेपेल असं वाटत नाही मला." तर एक जण म्हणाला, "मग ठेवून काय करायचं? उद्या आणखी कोणाला चावली तर?"

तेवढ्यात सिल्वेस्टर आला, हाताला हे एवढं बँडेज. म्हणाला, "मॅडम, चूक माझी आहे. हात मी घातला. एकोणीस वर्षं घालतोय, नियम मोडून. मी लिहून देतो. जनावराचा काही दोष नाही."

"लिहून दिलंत तर तुम्हाला जनावरांचं काम देता येणार नाही, सिल्वेस्टर," मॅडम म्हणाल्या. "वर्षभरानं तुम्ही निवृत्त होताय. विचार करा."

"केला विचार," तो म्हणाला, आणि डाव्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरांत, त्यानं लिहून दिलं.

त्याला तिकिटाच्या फाटकावर बसवलं. पाणमांजरांचं काम महेंद्रकडे गेलं, माझं होतंच. पहिल्या दिवशी मला काय वाटलं ते खरं सांगते. मला आनंद झाला. तो माझा नाही, पण त्यांचाही नाही राहिला. सकाळी ती दोघं कट्ट्याकडे मान करून शीळ घालायला लागली, तेव्हा मी पाय पसरून मजेत पडले. घाला, म्हटलं, घाला शीळ.

पण ती दुसऱ्या दिवशीही घालत होती. तिसऱ्या दिवशीही. मादी मासे तोंडात धरायची आणि सोडून द्यायची. पिल्लं बिळात कुंईकुंई करायची. महेंद्र कट्ट्यावर बसून ओठांचा चंबू करायचा, पण त्याला शीळ जमेना. "खा ना बाई," तो काकुळतीनं म्हणायचा, "मला जमत नाही तो आवाज." आठव्या दिवशी तिनं त्याच्या हातचं खाल्लं. त्या आठ दिवसांत मी काही त्यांच्यावर माया करायला लागले नाही. पण आवाज ओळखीचा होता. मीही तसाच काढला असता, मला काढता आला असता तर.

त्यानंतर एका दुपारी एक बाई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. फुलाफुलांचा फ्रॉक, पिकलेले केस, हातात डबा. तिच्या अंगाला सिल्वेस्टरच्या घराचा वास होता, म्हणून ती त्याची बायको ॲनी हे मला लगेच कळलं.

"तूच ना ती?" ती म्हणाली. "एकोणीस वर्षं जेवताना तुझ्याच गोष्टी. टेंभीनं आज हे खाल्लं, टेंभीला आज बरं नाही. नाताळात घरी पाहुणे बसलेले, आणि हा आधी तुला मटणाचं हाड द्यायला आलेला. मी किती जळायची तुझ्यावर, तुला काय माहीत. एकदा तर बोललेली पण त्याला, तिच्याशीच लगीन करायचं होतंस." तिनं डबा या हातातून त्या हातात घेतला. "त्या दिवशी ती पिल्लं झाली ना, ते मला हॉस्पिटलमध्ये कळलं. सॅव्हियोला, माझ्या मुलाला, फोनवर कळलं. सगळ्यांच्या आधी तुला सांगायला आलेला तो. आणि तू काय केलंस?"

मित्रांनो, ती रागावून ओरडली असती तर मी दात दाखवले असते. ती ओरडली नाही. गेली निघून फाटकाकडे, नवऱ्याला जेवायला घालायला. मी त्या दिवशी हाडाला तोंड लावलं नाही. सगळ्यांच्या आधी, हे शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. जो हात मी फोडला, तो मलाच पहिली बातमी द्यायला आला होता.

पावसाळा संपला आणि माझीही पाळी आली. बागेतला शेवटचा जुना पिंजरा माझाच होता. माझ्यासाठी पाणमांजरांच्या शेजारीच नवीन जागा तयार केली होती. माती, झुडपं, दगडांची कपार, बाजूनं खंदक. तिथं नेण्यासाठी लाकडी खोका माझ्या दाराला लावून ठेवला, आत मांस ठेवलं. मी गेले नाही. सहा दिवस गेले नाही. एकोणीस वर्षं जी अकरा पावलं मोजली, त्यापलीकडे बारावं पाऊल टाकायची मला भीती वाटत होती. दिशा मॅडम म्हणाल्या, "भुलीचं इंजेक्शन या वयात नको. फाटकावरून सिल्वेस्टरला बोलवा."

तो आला. नियमाप्रमाणे पिंजऱ्यापुढे आखलेल्या रेषेच्या मागे उभा राहिला. उजव्या हाताची दोन बोटं आखूड आणि वाकडी झालेली. मी वास घेतला. मांसाचा नव्हता, मासळीचा नव्हता, फिनाइलचासुद्धा नव्हता. कागदाचा आणि शाईचा होता. माझ्या माणसाला आता कुठल्याच जनावराचा वास येत नव्हता, आणि हे मी केलं होतं.

"घाबरतेस ना?" तो म्हणाला. "मी पण घाबरलेलो, फाटकावर बसवलं तेव्हा. म्हटलं, आता मला कोण ओळखणार? पण जमतं गो. जा तू. तिकडे माती आहे."

मी खोक्यात गेले. सगळेजण म्हणाले, बघा कशी शहाण्यासारखी गेली. शहाणी वगैरे काही नाही. त्यानं माझ्यासाठी जे लिहून दिलं होतं, त्याला दुसरं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

खोक्याचं पुढचं दार वर गेलं आणि माझा पंजा मातीवर पडला. मऊ होती. मी तासभर नुसती वास घेत उभी राहिले, मग उकरायला लागले. कोणी शिकवलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत मी माझं अर्धं अंग मावेल एवढा खड्डा केला होता, आणि महेंद्र खंदकापलीकडून म्हणत होता, "अरे, ही तर बिल्डर निघाली."

आता सिल्वेस्टर निवृत्त झालाय. दर रविवारी तो आणि ॲनी तिकीट काढून येतात. फाटकाकडून आलं की आधी पाणमांजरं लागतात, मग मी. म्हणजे तो आधी त्यांच्यापाशी थांबतो. पिल्लं आता मोठी झालीत, पाचही जण काचेला नाक लावतात, तो शीळ घालतो. दर रविवारी माझी आयाळ ताठ होते. खरं सांगते, माझं जळणं गेलेलं नाही. गेल्या रविवारी तर मी रागानं बिळात जाऊन बसले. तो खंदकापाशी आला, हाक मारली, मी हलले नाही. दोघं बाकावर बसली. ॲनीनं डबा उघडला, दोघांनी सावकाश खाल्लं. बाग बंद व्हायची शिटी झाली तरी ती उठली नाहीत. ॲनी म्हणाली, "बसू या अजून थोडं. मलाही असं कितीदा वाटायचं. येईल ती."

मी बाहेर आले.

मित्रांनो, तुमच्या घरी नवं कोणी आलं, धाकटा भाऊ आला, तुमच्या मैत्रिणीला दुसरी मैत्रीण मिळाली, तर तुम्हालाही जळायला होईल. त्याची लाज वाटू देऊ नका. रुसायचं तर रुसा, बिळात जाऊन बसा. पण दात आवरा. बोटं परत उगवत नाहीत. आणि कोणी बाहेर वाट बघत बसलं असेल, तर फार उशीर करू नका. आमच्या बागेत आलात की पाणमांजरं जरूर बघा, ती खरंच छान आहेत, हे म्हणताना मला त्रास होतो तरी म्हणते. मग दहा पावलं पुढे या. खंदकात दगड टाकू नका. मला हसायला सांगू नका. नुसते थोडा वेळ तोंड माझ्याकडे करून उभे राहा.