पाण्याची रेघ

बाबा लेकीकडे आले ते आठ दिवसांच्या बोलीवर. आयुष्यभर होड्या रंगवल्या त्यांनी. आता बंदरावर कुणी त्यांच्या हातात ब्रश देत नव्हतं, तरी तिथल्या पत्र्याच्या खोलीत एकटेच राहायचे. मागच्या महिन्यात शिडीवरून पडले, ते लेकीला तिसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून तिच्या मनात एकच होतं: बाबा आता परत जायला नकोत.

म्हणून तिने तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत समुद्र आणायला घेतला. मासिकातली पानं कापून फ्रीजवर लावली आणि खोली तशीच सजवली. पांढऱ्या भिंती, वाळूच्या रंगाची चटई, वाऱ्याने पोट फुगवणारे सुती पडदे, दोराच्या चौकटीतला गोल आरसा. नव्या धाटणीचं किनाऱ्यावरचं घर, असं त्या पानांवर लिहिलेलं.

बाबांनी आरशाचा दोर अंगठ्याने दाबून पाहिला. "छान आहे गं. अगदी लॉजसारखी."

"लॉज?"

"म्हणजे, बसायच्या आधी कुणाला तरी विचारावंसं वाटतं."

जावई हसला. लेकीला हसू आलं नाही. बाबा पलंगाच्या कडेवर टेकायचे, कपडे पिशवीतच ठेवायचे. हाताला काम मिळालं तर रुजतील, असं तिला वाटलं.

"बाबा, पलंगामागची भिंत रंगवाल? फिकट निळी."

"एकच?"

"मासिकात एकच आहे."

"मासिकवाल्याचा रंग संपला असेल."

गुरुवारी ती चष्म्याच्या दुकानातलं काम आटपून आली, तर जिन्यातच रंगाचा वास. आत बाबा गुणगुणत होते, तिची आई रंग ढवळताना म्हणायची ते:

पहिला गं हात देते, फळीच्या तहानेला
दुसरा गं हात देते, दर्याच्या गं मानाला

तिने आत डोकावलं. चारही भिंती वरून फिकट निळ्या, खाली गुडघ्यापर्यंत गडद लाल. मधे बोटभर पांढरी रेघ खोलीभर फिरलेली, कुठे केसभरही न ढळलेली.

"बाबा, हे लाल?"

"पाण्याखालचा भाग लालच असतो. नाहीतर शेवाळ धरतं."

"तिसऱ्या मजल्यावर?"

बाबा भिंतीकडे पाहत राहिले. "खरंच की," हळूच म्हणाले. "हात चालत गेला, डोक्याला विचारलंच नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून लाल घेऊन आलो नि होडीच समजून बसलो. उद्या पांढरं करून देतो. रविवारी निघायचंच आहे."

पडदे, चटई, मासिक सगळं बाजूला राहिलं. ती रेघेसमोर खालीच बसली.

"ही इथेच का ओढली? जरा वर किंवा खाली का नाही?"

"ते वजनावर असतं. भरलेली होडी जिथवर बुडते, तिथे रेघ." बाबांचा आवाज जरा मोकळा झाला. "तुला धरलं, जावईबापूंना धरलं, जरा जास्तच धरलं. पलंग, कपाट, तुझी भांडी."

"आणि तुम्ही?"

बाबांनी ब्रश निथळत ठेवला. "रंगारी होडीत नसतो, पोरी. रंग झाला की तो काठावर उतरतो."

"मग रेघ चुकली."

चाळीस वर्षांत हे त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. "चुकली?"

"या होडीत एक माणूस जास्त आहे. मग काय होईल, तुम्हीच सांगा."

"वरच्या रंगाला पाणी लागेल. रंग फुगेल. मालक शिव्या घालेल."

"मालकीण मी आहे."

"बाबा, तिच्या शिव्या मी रोज खातो," जावई दारातून म्हणाला. "ऐका तिचं."

बाबा सावकाश गुडघ्यांवर आले. रेघेच्या वर दोन बोटं धरली, मग विचार करून तिसरं. "वाळलोय मी. तीन पुरे."

"चार. इथे जेवणार आहात."

बाबांनी चौथं बोट भिंतीला टेकवलं. मग म्हणाले, "चार बोटं म्हणजे लाल रंगाचे दोन हात. मधे सुकायला दिवस. मग पुन्हा रेघ, तीही सुकायला हवी." बोटांवर वार मोजता मोजता रविवार मागे पडला. त्यांनी मोजणं सोडलं.

"जावईबापू, लाल संपलाय. डबा मोठा आणा. बाहेरची खोलीही घ्यावी लागेल. होडी काय अर्धीच रंगवायची?"

लेकीने बाहेरच्या पांढऱ्याशुभ्र भिंतींकडे एकदा पाहिलं, आणि नवऱ्याच्या हातात पिशवी दिली.