उणे पॉइंट बासष्ट

बैठक अकरा वाजता होती. सकाळचा चहा घेतला तोही अर्धाच. फळ्यावर तारीख लिहिताना खडू दोनदा मोडला, तेव्हा पोरं हसली आणि मी उगाचच त्यांच्यावर ओरडले.

आमच्या शाळेच्या मागं ऊसतोडणीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी एक वसतिगृह आहे. दसरा झाला की पाथर्डीकडच्या या आमच्या गावातली निम्मी घरं कुलूप लावून कारखान्यांच्या वाटेला लागतात. मागं राहिलेली पोरं या वसतिगृहात राहतात, जेवतात आणि शाळा करतात. ते वसतिगृह यंदा चालू ठेवायचं की बंद करायचं, हे आज ठरणार होतं. आणि ठरणार होतं माझ्या एका आकड्यावरून.

मी एंजेला. माहेर कोल्हारचं, नोकरी इथली. नोकरी करून एम.एड. करते आहे. प्रबंधाला मी हाच विषय घेतला होता: वसतिगृहातला मुक्काम आणि वार्षिक परीक्षेतले गुण यांचा सहसंबंध. गावातल्या सगळ्या तोडणीवाल्यांची पोरं घेतली. कुणी हंगामभर वसतिगृहात राहिलेलं, कुणी महिनाभर, तर कुणी मामाकडे नाहीतर आजीकडे राहून तिथली पायरीही न चढलेलं. एका बाजूला मुक्कामाचे दिवस, दुसऱ्या बाजूला मार्क. गुणांक आला उणे पॉइंट बासष्ट. नगरच्या माझ्या मार्गदर्शक मॅडम खूश झाल्या. "चांगला ठळक आलाय," म्हणाल्या. त्यांचं काय जात होतं खूश व्हायला? संस्थेच्या सचिवांच्या, काकासाहेबांच्या कानावर हे गेलं आणि त्यांनी निरोप धाडला, की बाईंनी येऊन समजावून सांगावं.

ऑफिसच्या ओट्यावर चांगुणा बसली होती. शेजारी तिची रुपाली आणि रुपालीची पत्र्याची पेटी. चांगुणा आणि तिचा नवरा मिळून मुकादमाच्या लेखी एक कोयता. टोळीची गाडी उद्या पहाटे निघणार होती. वसतिगृह चालू राहिलं तर रुपाली सहावी करणार, नाहीतर उसाच्या फडाशेजारच्या झोपडीत, कोपीवर, धाकट्या भावाला सांभाळत बसणार.

"बाई, हुईल ना?" चांगुणानं विचारलं.

"बघू या," मी म्हणाले. रुपालीकडं मात्र मला बघवेना.

आत काकासाहेब आणि आमचे मुख्याध्यापक बन्सी सर होते. काकासाहेब वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते. वसतिगृह त्यांनीच खटपट करून उभं केलं आहे. पण त्यांनाही अनुदान देणाऱ्या वरच्यांना काहीतरी दाखवावं लागतं.

"हं, बाई. ते उणे म्हंजी काय भानगड?"

"अहो, शून्याच्या खाली गेलं ना," बन्सी सर मध्येच म्हणाले. "म्हणजे काहीच संबंध नाही. वसतिगृहाचा मार्कांशी संबंध नाही, एवढंच."

"एवढंच व्हय?" काकासाहेब खुर्चीत रेलले. "मग सोडा की. चालू द्या आपलं हाय तसं."

तिथंच मी तोंड मिटून उठायला हवं होतं. पण चुकीचं गणित समोर दिसलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. आमच्या घराण्यालाच ती खोड आहे.

"तसं नाही," मी म्हणाले. "संबंध नसता तर शून्याच्या आसपास आला असता. उणे एक ते अधिक एक, एवढी त्याची धाव. आकडा शून्यापासून जेवढा लांब, तेवढा संबंध घट्ट. चिन्ह फक्त दिशा सांगतं. उणे म्हणजे एक वाढलं की दुसरं घटतं."

काकासाहेब पुढं सरकले. "म्हंजी वसतिगृहात दिवस वाढले की मार्क घटतात?"

"घटलेले दिसतात," मी म्हणाले.

"आन् बासष्ट म्हंजी घट्टच की."

"बऱ्यापैकी."

"मग काय राहिलं, बाई? वसतिगृहामुळं पोरं बिघडत्यात. आमी त्यास्नी खाऊपिऊ घालून बिघडवतोय." त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "बन्सी सर, बंदच करू या."

बाहेर पेटीचा आवाज आला. बहुतेक रुपाली तिच्यावर बसली असावी. एक वाक्य दुरुस्त करायला गेले आणि होत्याचं नव्हतं केलं, असं झालं होतं. मनात म्हटलं, प्रभू, आता तरी बुद्धी दे.

"काकासाहेब," मी विचारलं, "उन्हाळ्यात आपल्या तालुक्यात टँकर कुठल्या गावाला जास्त जातात?"

"जिथं पानी न्हाई तिथं. त्यात काय इचारायचं?"

"म्हणजे टँकर जास्त तिथं विहिरीला पाणी कमी. गुणांक काढला तर उणेच येईल, आणि बासष्टपेक्षा घट्ट येईल. मग टँकरमुळे विहिरी आटल्या म्हणायचं का? टँकर बंद करायचे?"

काकासाहेब हसले. "व्हय, व्हय. कावळा बसायला आन् फांदी मोडायला."

"तेही नाही. ती म्हण योगायोगाची आहे. हा योगायोग नाही, याला कारण आहे. फक्त ते तिसरीकडं आहे. आपल्याकडं हुशार पोराला मामा ठेवून घेतो, आत्या ठेवून घेते. त्याचं कौतुक असतं. कच्चं असतं, किरकिरं असतं, सारखं आजारी पडतं, ते कोण ठेवून घेणार? ते येतं आपल्याकडं. आईबाप निघाले की पहिल्या दिवशी येतं आणि ते परत येईपर्यंत राहतं. ते मुळात कच्चं असतं म्हणून इथं येतं, इथं आल्यामुळे कच्चं होत नाही. बाहेर रुपाली बसलीय ना, ती आली तेव्हा तिला स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं. आज ती धडा वाचते. जोडाक्षरं चुकतात, पण वाचते. ते या आकड्यात कुठंच दिसत नाही."

एवढं बोलून मी थांबले. काकासाहेबांचा चेहरा एकदम उजळला.

"समजलं," ते म्हणाले. "आत्ता खरं समजलं, बाई. वसतिगृहात खोट न्हाई. बंद करायचं कारनच न्हाई."

मला रडू येईल असं वाटलं. इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"कच्ची पोरं येत्यात म्हनून आकडा उना येतो," ते बन्सी सरांकडं वळले. "मग पक्की घ्या की, सर."

"घेऊ ना," बन्सी सर म्हणाले. "साठ टक्क्यांच्या वरचीच घेऊ. मामाकडं राहणारी येतील की इकडं, जेवण बरं असतं."

"अहो, पण कच्च्यांचं काय?" मी उठून उभी राहिले. "वसतिगृह त्यांच्यासाठीच काढलं ना? आणि असं केलं तर त्या आकड्याला काही अर्थच राहणार नाही. वसतिगृहानं काय केलं ते कळणारच नाही!"

"पन अधिक यील का न्हाई, तेवढं सांगा."

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण बन्सी सरांनाही आता एवढं गणित येत होतं.

"येईल," मी म्हणाले.

"मग झालं तर. हे बघा बाई, आकडा उनाच राहिला तर वरचे लोक पुढल्या साली कुलूपच लावतील. मग कच्ची न्हाई आन् पक्की न्हाई." त्यांनी मला हात जोडले, अगदी मनापासून. "तुमी समजावलं म्हनून वाचलं."

मी बाहेर आले. चांगुणा ताडकन उठली. "काय झालं, बाई?"

"वसतिगृह चालू राहणार आहे," मी म्हणाले. पुढचं सांगायच्या आत तिनं पेटीची कडी धरलीसुद्धा. "ऊठ गं, आवर."

"थांबा. यंदा मार्क बघून घेणार आहेत. साठच्या वरची मुलं." मी भिंतीकडं बघत सांगितलं. "रुपाली त्यात नाही."

चांगुणानं पेटी खाली ठेवली. मला वाटलं, आता ही आत जाईल, दोघांना शिव्या घालेल, मलाही घालेल. घालायलाच हव्या होत्या. पण ती रुपालीकडं वळली.

"आयकलंस? कानीकपाळी वरडत हुते, अभ्यास कर, अभ्यास कर. आता चल कोपीवर. तुझ्यामुळं झालं हे."

"तिच्यामुळे नाही हो," मी म्हणाले.

"मग कुनामुळं?"

आत दोघांना इतकं सगळं पटवून आलेली मी पेटी उचलायला वाकले, पण एक बाजू चांगुणानं आधीच धरली होती. रुपालीनं पेटीची दुसरी बाजू उचलली आणि मान हलवली. आईचं तिला पटलं होतं.