चौथा खांदा

मन्हासांनी कुकर चुलीशेजारच्या बुटक्या मेजावर ठेवला, त्याच्यावरचा कागद नीट केला आणि दोन पावले मागे सरून ते उभे राहिले. कुकर पाच लिटरचा होता, जाड बुडाचा. इतक्या उंचावर डाळ उघड्या भांड्यात शिजत नाही, हे अकरा वर्षे या गावात मुख्याध्यापकी केलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होते. असे चार कुकर पारखून घेण्यात लेहच्या बाजारात त्यांची अख्खी दुपार गेली होती.

"हे काय, अचो-ले?" यांगडोलने विचारले. आपल्याहून वडील पुरुषाला लुंगमो गावात अशीच हाक मारतात, थोरल्या भावाला मारावी तशी.

"जम्मूला बदली झाली, परवा निघायचं. चारही घरांना एकेक आणलाय." पुढचे वाक्य त्यांनी मनात तीनदा घोटले होते. "कौशल्या गेली तेव्हा तुम्ही जे केलंत, त्याची फेड होणं शक्य नाही. पण रिकाम्या हातानं निरोप घेणं मला जमेना."

यांगडोल क्षणभर कुकरकडे पाहत राहिली. मग तिने तो दोन्ही हातांनी उचलला आणि खोके न उघडताच दाराशी नेऊन ठेवला. लोणी-मिठाचा चहा शेगडीवर वाफाळत होता. मन्हासांचा पेला अर्धा झाला, रिकामा झाला. तिने तो भरला नाही. पुरे म्हणून पेल्यावर तळवा धरला तर बोटांच्या फटीतून चहा ओतणारी ही बाई! ऊर भरून आला असेल, सुचले नसेल, अशी स्वतःची समजूत घालून ते उठले.

मन्हासांची बायको कौशल्या गेली ती जानेवारीत. खिंड बर्फाने बुजलेली, जम्मूकडून कुणी येण्याची आशा नाही. लुंगमोत मृताच्या घरच्यांनी कशालाही हात लावायचा नसतो. न्हाऊ घालणे, पालखीत बसवून खांद्यावरून नेणे, चिता रचणे, आल्यागेल्याला जेवू घालणे, सारे त्यांच्या फास्पुनने करायचे. एकाच कुलदेवतेला मानणारी ही घरे रक्ताची असतीलच असे नाही, पण जन्म आणि मरण ती एकमेकांची पार पाडतात. मन्हास परमुलखातले, त्यांना कुठले फास्पुन? त्या सकाळी चार घरांची माणसे बर्फात उभ्या उभ्या दोन वाक्ये बोलली आणि आत आली. "आता आम्ही पाच," एवढेच त्यांच्यातला सर्वांत म्हातारा छोस्पेल, सगळ्यांचा मेमे म्हणजे आजोबा, म्हणाला. नंतर, मंत्र कुठले म्हणायचे आणि दिशा कुठली, हे मात्र त्याने मन्हासांनाच विचारले.

दुसरे घर रिगझिनचे. रिगझिन एरवी बोलताना श्वास घ्यायलाही थांबत नसे. त्याने कुकर फिरवून पाहिला.

"शिट्टीचा आहे," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "बरं आहे, सर."

अकरा वर्षांत त्याने मन्हासांना सर म्हटले नव्हते. शाळेच्या समारंभातदेखील नाही.

तिसऱ्या घराला, तुंडुपच्या, आतून कडी होती. धुराड्यातून धूर निघत होता. मन्हासांनी दोनदा हाक दिली, तिसऱ्यांदा दिली नाही.

चौथ्या घराच्या उन्हातल्या भिंतीला टेकून मेमे छोस्पेल चातीवर याकची लोकर कातत बसला होता. वय ऐंशीच्या पुढे. त्याने मन्हासांच्या हातांतली दोन खोकी पाहिली आणि चाती थांबवली नाही.

"माझ्या वाटचं ओझं इथं नको उतरवूस," तो म्हणाला. "घेऊन आलास तसं ने."

"मेमे-ले, माझं काही चुकलं का?"

"तुझं कसं चुकेल? मुख्याध्यापक तू. दुसऱ्यांच्या चुकांवर लाल रेघा ओढणारा."

मन्हास खाली बसले. वाद त्यांना प्रिय होता, पण इथे मुद्दाच हाती लागत नव्हता.

"सोनम आठवतो?" म्हाताऱ्याने विचारले. "तू कसा आठवशील, तुझ्या आधीचा तो. आमच्यातलाच होता. लेहला राहायला निघाला तेव्हा घरटी एकेक तांब्याचं भांडं देऊन गेला. उत्तम भांडं. माझ्याकडच्यात अजून पाणी तापतं."

"मग?"

"मग काय? त्याची आई वारली तेव्हा आमच्यातलं कुणी गेलं नाही. भाड्याची माणसं लावावी लागली म्हणे. जाताना सगळ्या घरांत भांडी वाटली, म्हणजे तो आमच्यातून सुटला. आम्हीही सुटलो. इथं असंच चालतं."

"मला ठाऊक नव्हतं. मी कृतज्ञता म्हणून—"

"ती तर दिसतेच आहे. चांगली जड आहे." म्हाताऱ्याने तुटलेला धागा थुंकी लावून जोडला. "माझं घर धरून आम्ही चार. मी पालखीत बसलो की उरतात तीन. तू होतास म्हणून निर्धास्त होतो. चौथा खांदा."

मन्हासांनी दोन्ही खोकी पुन्हा हातांत घेतली. मग उठले आणि आल्या वाटेने परत निघाले.

दिलेली वस्तू परत मागायला जाण्याचा प्रसंग त्यांच्यावर आयुष्यात आला नव्हता. रिगझिनच्या दारात त्यांचे कान तापले. पण तोंड उघडण्याआधीच रिगझिनने खोके त्यांच्या हातांत कोंबले. "मी बायकोला म्हटलंच होतं, वाचणाऱ्या माणसाला उशिरा कळतं, पण कळतं. बस, अचो-ले, हे नवीन छांग चाखून जा!" आणि जवाचे ते आंबट पेय पोटात गेल्याखेरीज त्याने सोडले नाही. तुंडुपने कडी काढली, खोकी बाहेरच ठेवलेल्या मन्हासांना रिकाम्या हातांनी आत घेतले, आणि कडीचा विषय कुणीच काढला नाही.

यांगडोल मात्र दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"दिलेलं परत मागतोस? लाज नाही वाटत?"

"वाटते."

"मग ठीक." तिने खोके पायाने पुढे सरकवले. "शाळेच्या खिचडीला दे. पोरं कच्ची डाळ खातात. आणि आत ये, चहा निवतोय."

त्यांनी पेल्यावर तळवा धरला. बोटांवर चहा सांडून भाजले.

चारही कुकर शाळेत ठेवून मन्हास मेमे छोस्पेलकडे आले, तेव्हा ऊन भिंतीच्या वरच्या विटांपर्यंत चढले होते. म्हातारा लोकर गुंडाळत होता. मन्हास शेजारी बसले.

"हिवाळ्यात खिंड बंद असते, मेमे-ले. मला येता यायचं नाही."

"ते मलाही ठाऊक आहे."

"मार्चमध्ये परीक्षा असतात. जूनमध्ये मात्र तिकडे सुट्टी लागते. दीड महिना."

मेमे छोस्पेलने वर हिमनदीकडे पाहिले.

"जूनमध्ये शेतांना पाण्याच्या पाळ्या असतात," तो म्हणाला. "कुणाला माझ्यासाठी उसंत नसेल. जुलैचं बघतो."

"पंधरा तारखेच्या आत," मन्हासांनी बजावले.